मालकीणबाई आखूड झाल्या

बायकोचं माप चुकतंय हे एकदा सिद्ध झालं, की कारकुनाच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं.

एक, माशांची लांबी मोजायचं कॅलिपर. दोन, होडीतली सावलीची जागा. कॅलिपर ज्याच्या हातात तो मागे छपराखाली बसणार आणि पाटी ज्याच्या हातात तो पुढे तोंडावर पाणी उडवून घेणार, असा त्या होडीचा रिवाजच होता. तीन, केंद्रातल्या एकुलत्या एका न्हाणीघरात पहिला नंबर. चार, परतल्यावर दोघांचे डुबकीचे पोशाख गोड्या पाण्यानं धुण्यातून सुटका. तेही काम पाटीवाल्याचं. आणि पाच, हे सगळ्यांत मोलाचं, ‘माझं माप चुकत नाही’ हे वाक्य घरात पुन्हा कधी ऐकावं लागणार नव्हतं. हे वाक्य त्यानं पडद्यांच्या वेळी ऐकलं होतं, कपाटाच्या वेळी ऐकलं होतं, आणि स्वतःच्या कमरेच्या बाबतीत तर दर पॅन्टीमागे ऐकत आला होता.

तोट्याच्या बाजूला एकच गोष्ट होती. बायको काही दिवस बोलणार नाही. ती त्यानं फायद्यातच धरली होती.

तो कारकून नव्हता, हे सांगायला हवं. चांगला शिकलेला पाणबुड्या होता. पण समुद्रकेंद्रातल्या त्या जोडीत बायको मोजायची आणि हा लिहायचा, म्हणून होडीवाल्या मामांनी त्याला कारकून म्हटलं आणि ते चिकटलं. मामा हे नाव मात्र खरं होतं. ते त्याच्या आईचे सख्खे भाऊ. नात्यानं ते भाच्याच्या बाजूचे, आणि डबा उघडला की सूनबाईच्या. सूनबाईला सगळं केंद्र मोजणीबाई म्हणायचं. ती चहात साखर घालतानासुद्धा चमच्याची कड बोटानं सपाट करायची.

केंद्र म्हणजे एक लांबलचक खोली. भिंतीला टाक्या लावलेल्या, त्यांच्या पंपांची दिवसभर घरघर, जमीन कायम ओली, आणि दारात दहा-बारा चपला, त्यांतल्या निम्म्या डाव्याच. खोलीच्या टोकाला काचेचं दार, त्यामागे मॅडम. केंद्र त्यांचं, नियम त्यांचे, आणि एकुलता एक चालू पंखाही त्यांचाच.

मोजायचे ते विदूषक मासे. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे, बोटभर लांबीचे. हे मासे समुद्रफुलात राहतात. समुद्रफूल दिसतं फुलासारखं, पण तो प्राणी आहे, आणि त्याच्या पाकळ्या दुसऱ्या कुणी शिवल्या तर चांगला चटका देतात. एका फुलात एक जोडपं. मोठी असते ती बायको, लहान तो नवरा, आणि घर तिचं. नवऱ्यानं तिच्यापेक्षा लहानच राहायचं, नाहीतर भांडण आणि हकालपट्टी. खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या बोयांपैकी तिसऱ्या बोयाखालच्या जोडप्याला मामांनी पहिल्याच महिन्यात नावं देऊन टाकली होती: मालकीणबाई आणि घरजावई. मामांनी पाण्यात कधी डोकं घातलं नव्हतं, पण ऐकीव माहितीवर बारसं करायला त्यांची हरकत नसायची.

दर महिन्याला प्रत्येक मासा अलगद जाळीत घ्यायचा, पाणी भरलेल्या पारदर्शक पिशवीत सोडायचा, तो सरळ झाला की नाकापासून शेपटीपर्यंत कॅलिपर लावायचं, बोटांनी आकडा दाखवायचा आणि माशाला घरी सोडायचं. पाटीवाल्यानं पट्ट्यांची खूण पाहून तोच मासा आहे ना हे ताडायचं आणि पेन्सिलीनं आकडा लिहायचा. आणि मॅडमचा सगळ्यांत कडक नियम असा, की मोजणाऱ्यानं मागचा आकडा कधीही बघायचा नाही.

“मागचा आकडा कळला, की डोळा त्याच्याकडे ओढ घेतो,” मॅडम म्हणायच्या. “माणूस मोजत नाही मग, आठवून सांगतो.”

त्यामुळे मागचे आकडे ठाऊक असायचे ते फक्त लिहिणाऱ्याला. इथेच सगळं बिनसलं.

त्या वर्षी समुद्र तापला होता. तापला म्हणजे हात घालावा तर अंघोळीचं उरलेलं पाणी वाटावं असा. खडकांवरचे रंग फिके पडत चालले होते, मासे दुपारी सावलीला जाऊन बसत होते. आणि कारकुनाच्या पाटीवर एक अजब प्रकार चालला होता. मालकीणबाई गेल्या महिन्यात होत्या त्याहून आखूड भरल्या. घरजावईसुद्धा. पाचव्या बोयाखालचं जोडपंही. पुढच्या महिन्यात आणखी आखूड. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचीच गोष्ट, पण बहुतेक जिकडेतिकडे तीच.

आता मासा वाढतो, किंवा वाढायचा थांबतो, किंवा कुणाच्या तरी पोटात जातो. आखूड कसा होईल? कारकुनानं विचार केला आणि त्याला एकदम उजेड पडला. मासे ठीक होते. बायकोचे डोळे गेले होते.

त्यानं घाई केली नाही. पक्का माणूस आधी पुरावा गोळा करतो. एका सकाळी बिस्किटाचा पुडा लांब धरून तो म्हणाला, “अगं, यावरची तारीख वाच गं जरा.”

“पुडा उलटा धरलाय तुम्ही,” ती म्हणाली, आणि तारीख वाचली. वर वजनही वाचलं.

दुसऱ्या दिवशी तो सुईदोरा घेऊन आला. “एवढं ओवून दे. मला काही जमत नाही.”

तिनं खिडकीकडेही न पाहता पहिल्या फटक्यात दोरा ओवला, सुई त्याच्या हातात दिली आणि खुंटीवरचा आपला पोशाख त्याच्या मांडीवर टाकला. “गुडघ्याला उसवलाय. ओवून झालंय, आता शिवा.”

गुडघा शिवता शिवता कारकुनानं निष्कर्ष काढला, की डोळे जमिनीवर ठीक आणि पाण्यात कमजोर, असंही असू शकतं.

शेवटी त्यानं टाक्यांजवळच्या टेबलावर चहाच्या वेळी तोंड उघडलं. मॅडम होत्या, मामा होते, आणि मोजणीबाई समोरच बशीत बिस्किटं बरोबर वाटत होती.

“मॅडम, एक बोलायचं होतं. कामाचंच आहे. मासे लहान होतायत.”

“म्हणजे कमी होतायत?”

“नाही. लहान. आखूड. जवळजवळ सगळेच.” त्यानं सुस्कारा सोडला, सुस्कारा चांगला जमला होता. “आता मासा काही आटत नाही. कुणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. वय सगळ्यांचंच होतं.”

मोजणीबाईचा हात बिस्किटावर थांबला. “कुणाचं वय झालं?”

“सगळ्यांचंच म्हटलं मी.”

“तुम्ही बघत होतात माझ्याकडे.”

“समोर बसलीयस, कुठे बघू?”

“काय आहे,” मामांनी मध्ये तोंड घातलं, “कापड धुतलं की आटतं. हे तर रात्रंदिवस पाण्यात.”

कुणी हसलं नाही. मॅडम आत गेल्या, संगणकावरचे आकडे पाहून बाहेर आल्या, आणि त्यांचा चेहरा पाहून कारकुनालाही आपला सुस्कारा जरा महागात पडणार असं वाटलं.

“हे आकडे असे मी वर पाठवू शकत नाही,” त्या मोजणीबाईला म्हणाल्या. “पाठवले तर विचारतील, तुमच्याकडे मोजतं कोण. आणि नाही पाठवले तर या हंगामाची मोजणी रद्द धरतील, पुढच्या वर्षीची मिळणारच नाही. पाच महिन्यांचं काम आहे तुझं. मला एवढंच सांग, तुझी खात्री आहे?”

“माझं माप...” ती नेहमीचं वाक्य बोलायला गेली आणि थांबली. ते वाक्य तिनं अर्धं सोडलेलं कारकुनानं लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. यात मजा वाटायला हवी होती. वाटली नाही. त्यामुळे त्याला उगीचच राग आला, आणि रागाच्या भरात तो बोलून गेला, “मग उद्या मी मोजतो, तू लिही. दूध का दूध होऊन जाऊ दे.”

“होऊ दे,” ती म्हणाली. “आणि मी बरोबर निघाले तर?”

“तर हंगामभर पोशाख मीच धुवीन.”

“ते तर आताही तुम्हीच धुता. नवीन काय?”

“मी सांगतो नवीन,” मामा म्हणाले. त्यांना पैजेचा वास फार लवकर यायचा. “सूनबाई, तू जिंकलीस तर मी हंगामभर होडीत गाणार नाही.”

मामांचं गाणं हा त्या किनाऱ्यावरचा जुना विषय होता. इंजिन बंद पडलं तर लोकांना आधी वाईट वाटायचं ते याच कारणासाठी, की आता ते स्पष्ट ऐकू येईल.

“आणि मी जिंकलो तर?” कारकुनानं विचारलं.

“तर कॅलिपर तुमचं,” मोजणीबाई म्हणाली. “कायमचं.” हे ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी स्टीलच्या मापाच्या ठोकळ्यावर कॅलिपर तपासून कारकुनाच्या हातात दिलं. ते बरोबर होतं. मोजणीबाईला पट्ट्यांच्या खुणांची पाटी मिळाली, मागच्या आकड्यांसकट. लिहिणाऱ्याला ते दिसणारच. तिनं आपलेच आकडे पहिल्यांदा ओळीनं पाहिले. महिन्यामागून महिना, उतरत गेलेले. मग ती होडीत पुढच्या बाजूला जाऊन बसली आणि तोंडावर पाणी उडू दिलं.

सावलीत बसलेल्या कारकुनाला सावली काही सुखाची लागली नाही. मामा तेवढे गात होते. कदाचित शेवटचं म्हणून जरा जास्तच.

पाण्याखाली भांडता येत नाही, हा पाण्याचा मोठा गुण. तोंडात नळी, हातात काम. तिसऱ्या बोयाखाली समुद्रफूल आपल्या पाकळ्या हलवत होतं, आणि मालकीणबाई दारातच उभ्या होत्या, पाहुणे उशिरा आल्यासारख्या. कारकुनानं त्यांना जाळीत घेतलं. त्यांनी त्याच्या अंगठ्याचा चावा घेतला. त्यानं पिशवी सरळ केली, कॅलिपर लावलं, आणि अगदी प्रामाणिकपणे, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, जराही दया न दाखवता मोजलं. मग बोटं दाखवली. सात. चार.

मोजणीबाईनं पाटीकडे पाहिलं. मागच्या महिन्यात तिनं मोजलं होतं शहात्तर.

तिनं लिहिलं.

घरजावई. त्यालाही धरलं, तो बिचारा चावलाही नाही. बोटं वर. पुन्हा आखूड. पाचवा बोया, तिथेही. पुढचं फूल, तिथेही. कारकून प्रत्येक आकडा अशा थाटात दाखवत होता, जणू प्रत्येक बोटासरशी कॅलिपर आणखी आपलं होतंय. मागचं त्याला काहीच दिसत नव्हतं आणि त्याची आठवण अशी, की बाजारातून आणायचं सामानही दारात पोचेपर्यंत अर्धं गळायचं.

सहाव्या फुलापाशी मोजणीबाईचे खांदे हलायला लागले.

डुबकीच्या चष्म्यात हसलं, की गाल वर जातात, कडेला फट पडते आणि पाणी आत शिरतं. तिच्या चष्म्यात पाणी शिरलं. तिनं ते बाहेर काढलं, पाटीकडे पाहिलं, पुन्हा खांदे हलले, पुन्हा पाणी. कारकुनाला फक्त एवढंच दिसलं, की बायको लिहिता लिहिता थरथरतेय आणि चष्म्याच्या काचेमागे डोळ्यांत पाणी आहे.

आता इथे त्याच्या हिशेबाचं गणित कोसळलं. कॅलिपर, सावली, न्हाणीघर, पोशाख, ते वाक्य: पाचही गोष्टी त्याच्या अगदी हाताशी होत्या. आणि त्याला त्यांतली एकही नको झाली. उरलेली फुलं त्यानं कशीबशी मोजली. एका ठिकाणी घरात एकच मासा होता, जोडीदार नव्हता. तिथे त्याला फारच वाईट वाटलं.

वर आल्या आल्या तोंडातली नळी काढून, होडीची कड एका हातानं धरून, तो पाण्यातच बोलायला लागला. “ऐक. कॅलिपर तूच ठेव. मी मॅडमना सांगतो, माझाच हात हलला. डोळेबिळे काही नाही, माझीच लिहिण्यात चूक झाली असेल, सांगतो मी. आणि पोशाख मी धुतो. हंगामभर नाही, वर्षभर.”

मोजणीबाई चष्मा कपाळावर सारून त्याच्याकडे बघत राहिली. नाक लाल, डोळे लाल.

“वर्षभर म्हणालात?”

“वर्षभर.”

“मामा, ऐकलंत?”

“वर्षभर म्हणाला,” मामांनी होडीतून साक्ष दिली. “मी या कानानं ऐकलं. त्या कानात पाणी गेलंय.”

“मग हे बघा,” ती म्हणाली आणि पाटी त्याच्या नाकासमोर धरली. डावीकडे तिचा मागचा आकडा, उजवीकडे त्याचा आजचा. मालकीणबाई शहात्तर, चौऱ्याहत्तर. खाली सगळं तसंच. जिथे तिथे त्याचा आकडा तिच्या बरोबरीचा, नाहीतर तिच्याहून आखूड. तिचे डोळे गेले असते, तर त्याचे आकडे तिच्याहून मोठे यायला हवे होते.

“म्हणजे... तू रडत नव्हतीस?”

“रडायला काय झालं? तुम्ही एवढ्या ऐटीत स्वतःला हरवत होतात, हसू नको तर काय करू? अर्धा समुद्र प्यायले मी.”

मामांनी आधी भाच्याकडे पाहिलं, मग सूनबाईकडे, मग इंजिनाकडे. “गाणं बंद तर,” ते म्हणाले, आणि ते इतक्या उदासपणे म्हणाले, की कारकूनही हसला, आणि हसताना होडीची कड सुटून पुन्हा पाण्यात गेला.

केंद्रावर मॅडमनी पाटी दोनदा वाचली. ठोकळ्यावर कॅलिपर पुन्हा तपासलं. “दोन माणसं, दोन हात, एकच निकाल,” त्या म्हणाल्या. “तरी मी स्वतः बघितल्याशिवाय नाही.” त्यांनी कपाटातून आपला जुना पोशाख काढला. कित्येक वर्षांत घातला नव्हता. आत जाऊन बराच वेळ झाला तरी त्या बाहेर येईनात.

“मदत करू का?” मोजणीबाईनं दाराबाहेरून विचारलं.

“आखूड झालाय हा,” आतून आवाज आला.

“पाणीच तापलंय, मॅडम,” मामा म्हणाले. “सगळंच आखूड होतंय.”

दुपारी मॅडम पाण्यातून वर आल्या तेव्हा त्यांचा अंगठा मालकीणबाईंनी चावलेला होता आणि चेहरा असा उजळला होता, की मामांनी चुकून गाणं सुरू केलं आणि जीभ चावून थांबवलं. मॅडमचाही आकडा चौऱ्याहत्तरच.

मग त्या लांब खोलीत चहाचे कप बाजूला सारून सगळे महिने टेबलावर पसरले. मॅडम पालथ्या बादलीवर बसल्या. मोजणीबाईचं बोट ओळींवरून फिरत होतं. आता तिनं एकदा सगळे आकडे पाहिलेले होते, त्यामुळे तिला थांबवणार कोण?

“मॅडम, ही रिकामी झालेली घरं बघा. जिथे एकच जण आखूड झाला, किंवा कुणीच नाही झालं, तिथले बरेच मासे गेले. आणि जिथे दोघंही आखूड झाले, तिथे बहुतेक दोघंही घरी आहेत.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे नाही. पण बघा ना.”

मॅडमनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “गरम पाण्यात हवा कमी, खाणंही कमी,” त्या सावकाश म्हणाल्या. “अंग लहान, तर गरज लहान. हे समजू शकतं. पण जोडीनं का?”

“ती एकटीच आखूड झाली,” कारकून म्हणाला, “तर तो तिच्या बरोबरीचा दिसायला लागेल. मग भांडण. गरमीत भांडण परवडत नाही.”

हे बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. मोजणीबाईनं बिस्किटाची बशी त्याच्या बाजूला सरकवली.

“हा अंदाज झाला,” मॅडम म्हणाल्या, “आणि तो आपण पुढच्या वर्षी तपासू. कारण पुढची मोजणी आता मी मागून घेणार आहे.” मग त्या बादलीवरच बसल्या बसल्या हसायला लागल्या. त्यांना हसताना त्या केंद्रात कुणी पाहिलं नव्हतं. टाकीतला खेकडासुद्धा काचेपाशी आला.

आता या हिशेबात कोणी काय भरलं, ते पाहू.

माशांनी सगळ्यांत आधी भरलं, आणि तेही आपल्या अंगातून. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पाटी लिहिली नव्हती. पाणी तापलं तसे त्यांनी स्वतःचेच चार मिलिमीटर काढून दिले आणि घर राखलं. हंगाम सरताना पाणी निवलं, तेव्हा मालकीणबाई पुन्हा एक मिलिमीटरनं वाढल्या होत्या, आणि मोजणाऱ्याला त्यांनी सवयीप्रमाणे चावलंच.

मॅडमनी आपला पंखा भरला. तो आता टाक्यांजवळ सगळ्यांसाठी फिरतो.

मामांनी पैज हरून काहीच भरलं नाही. चौथ्या दिवशी सूनबाईनंच सांगितलं, की होडीत फार गप्प वाटतं, हळू म्हणत असाल तर म्हणा. हळू म्हणजे किती, हे मामांनी कधी मोजलं नाही.

मोजणीबाईनं आपण होऊन कॅलिपर दिवसाआड नवऱ्याला द्यायला सुरुवात केली. सावलीचं बाक आहे दीड माणसाचं. आता त्यावर दोघं बसतात. दोघांनी थोडं थोडं अंग चोरलं, की मावतात. ‘माझं माप चुकत नाही’ हे वाक्य मात्र तिनं सोडलेलं नाही. नव्या पॅन्टीच्या वेळी ते पुन्हा ऐकू आलं, आणि ते खरंही निघालं.

राहिला कारकून. पाचांतल्या दोन गोष्टी त्याला अर्ध्याअर्ध्या मिळाल्या, न्हाणीघर पहिल्यासारखंच बायकोचं आहे, आणि वर्षभराचा शब्द मामांच्या एका कानात सुरक्षित आहे. शिवाय मॅडमना आता पाण्याची गोडी लागलीय. त्यामुळे संध्याकाळी केंद्राच्या मागच्या नळावर तो पाय दुमडून बसतो, मामांचंच गाणं गुणगुणतो, आणि दोनाच्या जागी तीन पोशाख धुतो.